उघड्या दाराचा हिशेब

दाराच्या फटीवर चौथी चिकटपट्टी दाबून बसवल्यावर मोघे दोन पावलं मागे सरकले, मान तिरकी करून दाराकडे बघितलं आणि म्हणाले, "आता यातून मुंगीचा श्वाससुद्धा बाहेर येणार नाही."

"मुंगीला विचारलंय का?" मी म्हटलं.

"राऊत, आज विनोद नकोत. आजचा दिवस गेला की वर्षभर कर."

मोघे माझे साहेब. पुण्याच्या आमच्या छोट्या कंपनीत त्यांच्यासकट आम्ही अकरा माणसं होतो, आणि त्यांतली दहा माणसं त्यांना घाबरत नसत. अकरावे ते स्वतः. स्वतःच्या आकड्यांना ते फार घाबरत. एखादा आकडा चांगला आला की आधी त्यांचा चेहरा पडे, कारण चूक कुठे झाली असेल याचा शोध घेण्यात पुढचा आठवडा जाणार हे त्यांना कळे.

ही गोष्ट पंधराएक वर्षांपूर्वीची. मे महिना संपत आला होता आणि आम्ही रत्नागिरीजवळच्या एका खाडीकाठी, रजनीताई शिवलकरांच्या मासळी गोठवायच्या कारखान्यात उभे होतो. दारामागे लोखंडी घोड्यांवर बांगड्याचे ट्रे रचलेले होते. दाराच्या डाव्या हाताला आमचं यंत्र होतं. मोघ्यांनी त्याच्यावर आयुष्याची सहा वर्षं आणि एक पोटाचं ऑपरेशन घातलं होतं.

यंत्र सांगायला सोपं होतं. हवा दाबली की तापते. तापलेली हवा पाण्याने निववायची, मग टर्बाइनमधून एकदम पसरायला सोडायची. पसरताना ती इतकी गारठते की उणे पंचावन्नाला जाते. तीच हवा माशांवरून फिरवायची आणि परत आणायची. यात ना अमोनिया, ना दुसरा कुठला वायू. गळती झाली तरी गळते ती हवाच, आणि हवेने आजवर कुणाचे डोळे गेलेले नाहीत.

दोष एकच. वीज पिते. शेजारचं अमोनियाचं यंत्र जेवढ्या विजेत मासळी गोठवे, त्याच्या दुपटीहून जास्त आमचं पहिलं यंत्र खात होतं. मोघ्यांची सहा वर्षं ही दुप्पट खाली आणण्यात गेली होती. माशांवरून परत येणाऱ्या गार हवेकडून आत जाणारी हवा आधीच थंड करून घ्यायची, टर्बाइन जे फिरतं त्याचा जोर कंप्रेसरला लावायचा, आणि गळती म्हणून राहू द्यायची नाही. शेवटच्या कलमात मोघे कुणाचं ऐकत नसत. सकाळी त्यांना दाराच्या आतल्या दांड्याचं भोक सापडलं. आत अडकलेल्या माणसाला दार उघडता यावं म्हणून तो दांडा असतो. त्या भोकातून सुस्कारा यावा तशी हवा येत होती. मोघ्यांनी दांडा काढला आणि तिथे रबराचं बूच ठोकलं.

"फक्त चाचणीपुरतं," ते म्हणाले.

चाचणी घ्यायला मुंबईहून कर्णिक साहेब आले होते. एका सरकारी योजनेचे ते तांत्रिक निरीक्षक. टनाला दोनशे वीस युनिटांच्या आत मासळी गोठवून दाखवली तर योजना यंत्राच्या खर्चाचा निम्मा भार उचलणार, नाहीतर नाही. कर्णिक सभ्य गृहस्थ होते. आयुष्यात त्यांनी आवाज चढवला नसावा, कारण त्यांच्या हातात नेहमी मीटर असे. स्वतःचं मीटर त्यांनी पेटीत घालून आणलं होतं, आणि जोडल्यावर त्यावर लाखेचं सील लावलं होतं.

"चाचणी एकदाच," त्यांनी सकाळीच सांगितलं. "यादीत तुमच्यामागे बरेच आहेत."

आणि फाटकाबाहेर, आंब्याच्या सावलीला, अमोनियाच्या नळकांड्यांचा ट्रक उभा होता.

हा ट्रक रजनीताईंनीच मागवला होता. जुन्या यंत्रातला अमोनिया काढून पाइप बदलून ठेवलेले होते. आमचं यंत्र पास झालं तर ट्रक परत. नापास झालं तर संध्याकाळी भरणा. पावसाळ्यानंतर होड्या पुन्हा समुद्रात गेल्या की मासळीला यंत्र लागणार, आणि ते कोणतं, हे आज ठरणार होतं.

"वाईट वाटून घेऊ नका," त्या मोघ्यांना म्हणाल्या होत्या. पन्नाशीच्या, सुती साडीवर पुरुषी घड्याळ बांधणाऱ्या बाई. "तुमच्यावर विश्वास आहे. पण मासळीला विश्वासात घेता येत नाही."

"आणि कामगार बायका?" मी विचारलं होतं. "त्या म्हणे सांगतात, अमोनिया परत आला तर आत पाय ठेवणार नाही."

"सांगतात ना. बरोबरच सांगतात." त्या घड्याळाकडे बघत म्हणाल्या. "मग मी काय करायचं ते मात्र कुणी सांगत नाही."

अमोनियाने काही झालं होतं हे आम्हाला कळलं होतं. काय, ते आम्ही विचारलं नाही. पुण्याची माणसं अशी चौकशी मागाहून, जेवताना करतात.

ट्रे आत न्यायला पंधरा-सोळा बायका आल्या होत्या. साडीवर पुरुषांचे स्वेटर, डोक्याला कानटोप्या. मे महिन्याच्या त्या घामात त्यांच्याकडे बघूनच मला गुदमरल्यासारखं झालं. आत जाताना प्रत्येकीने गळ्यातला पत्र्याचा बिल्ला काढून दाराशेजारच्या खुंटीला अडकवला, आणि बाहेर येताना परत घातला.

"हे यंत्र एवढा आवाज करतं," वत्सला नावाच्या, त्यांच्यात पुढारीण दिसणाऱ्या बाईने मोघ्यांना विचारलं, "आनि आत काय हवाच?"

"हवाच."

"मग आमच्या सरपंचाला उभा करा की नळीपाशी. फुकट हवा सोडतो."

बाया हसल्या. मोघ्यांना हसायला वेळ नव्हता. "सगळ्या बाहेर?" त्यांनी विचारलं.

"सगल्या भायेर, साहेब."

दार लागलं, पट्ट्या बसल्या, आणि मोघ्यांनी बटण दाबलं. टर्बाइन आधी घुमलं, मग शिटीसारखं लांब वाजायला लागलं आणि पुढे तो सूर इतका वर गेला की ऐकू येण्याऐवजी दातांत जाणवायला लागला. बायकांना आता ट्रे काढायच्या वेळीच काम होतं. त्या वाडीत जेवायला गेल्या, रजनीताईही त्यांच्याबरोबर.

पहिला तास भयंकर गेला. कोकणातली मे महिन्यातली हवा म्हणजे पातळ केलेला समुद्रच. दार लावताना त्यातला जो भाग आत गेला होता, तो सगळा टर्बाइनच्या तोंडाशी बर्फ होऊन भुरभुरत होता. त्या बर्फातून हवा ढकलायला कंप्रेसर जास्त वीज मागत होता. कर्णिकांच्या मीटरवरून आम्ही हिशेब मांडत होतो. त्या वेगाने गेलं तर टनाला तीनशेच्याही वर.

"अहो, हे वाढतंय," कर्णिक सौजन्याने म्हणाले.

"वाढू दे. आतली हवा तीच तीच फिरते. एकदा तिच्यातलं पाणी बर्फ होऊन बाजूला पडलं की ती कोरडी होते. मग बघा." मोघे मीटरकडे न बघता बोलत होते. "फक्त दार उघडता कामा नये. एकदा उघडलं की बाहेरचं पाणी आत. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात."

नेमकं तेव्हाच गावचे सरपंच आले. सोबत दोन माणसं, एक हार आणि एक कॅमेरा. त्यांना आत जाऊन बर्फ बघायचा होता.

"आज नाही जमणार," मोघे म्हणाले.

"आहो, एक मिनिट. आमी काय बर्फ खानार हाव?"

"एक सेकंदसुद्धा नाही."

"मग उद्घाटन कसलं हे? दार बंद ठेवून उद्घाटन मी पैल्यांदाच बघतोय." सरपंचांनी हार यंत्राला घालायचा पर्याय सुचवला. हाराच्या पाकळ्या कंप्रेसर आत ओढून घेईल, असं मी त्यांना समजावून सांगितलं. शेवटी हार कर्णिकांच्या गळ्यात पडला. त्यांनी तो सभ्यपणे काढून मीटरच्या पेटीवर ठेवला. मंडळी गेली.

आणि मग मोघ्यांचं म्हणणं खरं ठरायला लागलं. भुरभुर थांबली. टर्बाइनचा सूर स्वच्छ झाला. हिशेबातला आकडा तीनशेवरून घसरला, अडीचशेला आला, तिथे थोडा रेंगाळला आणि पुन्हा घसरू लागला. चाचणी संपताना तो कुठे असेल हे आता कागदावर रेघ ओढून सांगता येत होतं. मी रेघ ओढली. दोनशे सोळा.

मोघ्यांना दाखवली. त्यांचा चेहरा पडला.

"चूक कुठे आहे?" ते म्हणाले.

"चूक नाही, सर. पास होतंय."

"हं." त्यांनी रेघेवरून बोट फिरवलं. "दोनशे सोळा. म्हणजे चार युनिटांची जागा. यात एक शिंकसुद्धा बसणार नाही." पण त्यांच्या आवाजात काहीतरी सैल झालं होतं. सहा वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना स्टुलावर पाठ टेकून बसलेलं बघितलं. स्टुलाला पाठ नव्हती, भिंत होती.

अर्धा तास उरला होता. ट्रे काढायच्या वेळी अंगात घालायला जाड कोट लागणार, म्हणून मी दाराशेजारच्या खुंट्यांवरचा मोघ्यांचा कोट उचलला.

त्याच्याखाली एक बिल्ला लटकत होता.

गोल, पत्र्याचा, त्यावर सात हा आकडा. बाकी सगळ्या खुंट्या रिकाम्या होत्या. मी कोट हातात धरून तसाच उभा राहिलो. काही गोष्टी समजायला वेळ लागत नाही, पण समजल्या आहेत हे कबूल करायला लागतो.

"सर," मी म्हटलं.

मोघे उठून आले. त्यांनी बिल्ल्याकडे बघितलं, मग रबरी बुचाकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग कसा गेला ते मी बघितलं. चहात दूध ओतावं तसा.

"सगळ्या बाहेर आल्या होत्या," ते म्हणाले. "मी विचारलं होतं."

"विसरली असेल एखादी घालायला," मी म्हटलं.

"असेल."

कर्णिक जवळ आले. काय झालं ते त्यांना सांगावं लागलं. त्यांनी ते पूर्ण ऐकून घेतलं, आणि मग जे म्हणाले ते अगदी रास्त होतं. त्या दिवशी त्यांनी जे जे म्हटलं ते सगळं रास्तच होतं.

"घाई करू नका. वाडी इथून जवळ आहे. आधी बायका मोजून घ्या. सगळ्या असतील तर प्रश्नच मिटला. दहा मिनिटांचं काम."

"उणे पंचावन्नाला दहा मिनिटं," मोघे म्हणाले.

"ती असेल तर. मोघे, ती आत असण्याची शक्यता किती? तुम्ही स्वतः विचारून दार लावलंय. दोन तास होऊन गेलेत. आणि असलीच, तर..." ते थांबले. त्या वाक्याचा शेवट सभ्य माणसाला करता येण्यासारखा नव्हता.

मी रजनीताईंना फोन लावला. त्या काळी त्या खाडीत फोनला रेंज मिळायची ती फक्त जेटीच्या टोकाला. फोन लागला नाही. मी वाडीच्या दिशेने पळायला निघालो, शेडच्या दारापर्यंत गेलो, वळून पाहिलं. मोघे दाराला कान लावून उभे होते. आत पंखे गर्जत होते. हाताच्या मुठीने त्यांनी दार ठोकलं. तीनदा. मग कान लावला.

आतून आवाज आला. टक.

"ऐकलं?" मोघे म्हणाले.

"ट्रे आकसतात, सर. गारठ्याने पत्रा वाजतो."

"माहीत आहे पत्रा वाजतो." ते पुन्हा ठोकत होते.

टक. मग बराच वेळ काही नाही. मग टक, टक.

"यंत्र थांबवून ऐका," मी म्हटलं.

"थांबवलं तर चाचणी गेली," कर्णिक म्हणाले. आणि लगेच, जणू नियम वाचून दाखवल्याबद्दल माफी मागत असल्यासारखं, "उघडलं तरी गेली. मी फक्त सांगतोय. निर्णय तुमचा."

मोघ्यांनी मीटरकडे बघितलं. मी त्यांना दोष देत नाही; सहा वर्षं बघत होते, आणखी एकदा बघितलं. हिशेबातला आकडा दोनशे एकोणीसवर होता आणि उतरत होता. बाहेर ट्रकचा ड्रायव्हर कुठलं तरी गाणं शिट्टीवर म्हणत होता. टर्बाइनचा सूर त्यांना हवा होता तसा, केसाइतकाही न हलणारा, लागला होता. त्या सुरासाठी त्यांनी काय काय केलं होतं हे माझ्याइतकं कुणाला माहीत नव्हतं.

"शक्यता मला मोजता येत नाही," ते म्हणाले, आणि पहिल्या पट्टीचं टोक नखाने धरलं.

पट्ट्या चांगल्या बसल्या होत्या. मोघ्यांनी स्वतः बसवल्या होत्या. दोघांनी मिळून ओढल्या तेव्हा दाराचा रंग त्यांच्यासोबत निघाला. मुठीला लटकून दार ओढलं, आणि आतून पांढरा ढग जमिनीसरपट बाहेर आला, आणि बाहेरचं सगळं कोकण वरून आत शिरलं.

मोघे कोट न घालता आत गेले. मी कोट त्यांच्यासाठी धरून मागोमाग गेलो, म्हणजे तोही अंगात न घालता. श्वास घेतला की नाकातले केस कडक होत होते. धुक्यात हात दिसत नव्हता. मोघे ट्रेच्या घोड्यांमधून आडवे होऊन जात होते आणि हाका मारत होते. नाव माहीत नव्हतं, म्हणून ते "बाई" एवढीच हाक मारत होते. "बाई. अहो बाई." मागच्या भिंतीशी, पंख्याखाली, दोन्ही कोपऱ्यांत. मी खाली बसून घोड्यांखाली हात फिरवला. बर्फाचा भुगा, आणि एक निसटलेला बांगडा.

कुणी नव्हतं.

आम्ही बाहेर आलो. मोघ्यांच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. त्यांनी दार लोटलं. टर्बाइनचा सूर आधीच फाटला होता. तोंडाशी बर्फ दाटत होता. कर्णिकांनी मीटरवरचा आकडा वहीत उतरवला.

दारातून बाहेर पडलेलं धुकं शेडच्या छपराबाहेर गेलं असावं. वाडीकडून बायका धावत आल्या. त्यांच्यापुढे रजनीताई होत्या, चपला हातात. त्या धावत येऊन थेट दारापुढे उभ्या राहिल्या.

"कोण?" त्या म्हणाल्या.

"कोणी नाही," मी म्हटलं. "आत कोणी नव्हतं. हा बिल्ला राहिला होता."

बायका धापा टाकत होत्या. वत्सला पुढे आली, तिने तो खुंटीवरून हळूच काढला आणि पदराने पुसला.

"हा आमच्या शांतीचा," ती म्हणाली.

"मग ती शांती कुठे आहे?" मोघे म्हणाले. त्यांना कापरं भरलं होतं, थंडीने की रागाने हे सांगता येत नव्हतं. "तिला घेऊन या. मला तिच्याशी बोलायचंय. बाहेर पडताना बिल्ला न्यायचा एवढं साधं काम."

"ती चार वर्सांमागं गेली, साहेब."

मोघे बघत राहिले.

"आमी रोज पैला तिचा लावतो," वत्सला म्हणाली. "मग आमचे. जुन्या खोलीला पन तसाच. तिचा वर असला की आत जाताना मानूस दाराकडं बघून जातं. सांजेला काम सरलं की काढतो." तिने रजनीताईंकडे चोरून बघितलं. "नवी खोली म्हनून आज पन लावला. तुमी तेवर कोट टांगलात. आमाला वाटलं, तुमाला ठाव हाय."

"मेलेल्या बाईचा," मोघे म्हणाले. "सहा वर्षं. चार युनिटं उरली होती, आणि मेलेल्या बाईचा बिल्ला." ते हसायला लागले. ते हसणं ऐकण्यासारखं नव्हतं. मग म्हणाले, "ताई, हे मला कुणी सांगायला नको होतं का?"

रजनीताईंनी चपला खाली ठेवल्या, पायात सरकवल्या. मग त्यांनी कर्णिकांना विचारलं, "तुम्ही काय म्हणालात? हे उघडायच्या आधी."

कर्णिक गोंधळले. "मी म्हटलं, आधी मोजून घ्या."

"बरोबर म्हणालात." त्या दाराकडे बघत बोलत होत्या. "मीसुद्धा तेच म्हणाले होते. आत पाइप फुटला होता. सगळ्या बाहेर पळाल्या. एक बिल्ला राहिला होता. दार उघडलं असतं तर सगळा वायू शेडमध्ये आला असता, आणि आतला माल गेला असता. बायका नेहमीच बिल्ला विसरतात. मी म्हटलं, आधी मोजा. फाटकापाशी मोजलं. मग वाटलं, एखादी घरी गेली असेल, वाडीत माणूस पाठवला. मोजणी बरोबर झाली. एक कमी आली."

यंत्र खडखडत होतं. मोघ्यांनी जाऊन ते बंद केलं. एवढ्या वेळानंतर शेडमध्ये पहिल्यांदा खाडीचं पाणी ऐकू आलं.

"मला नियमाप्रमाणे नोंद करावी लागेल," कर्णिक शेवटी म्हणाले. "दार उघडण्याचं कारण लिहायला रकाना नाही. मी समासात लिहीन. पण निकाल..."

"नापास लिहा," रजनीताई म्हणाल्या. "खरं तेच लिहा. समासात काही नको."

फाटकाकडून ट्रकचा ड्रायव्हर आला. त्याला कुणीतरी बातमी दिली असावी. कोकणात नापासाची बातमी पासाच्या आधी पोहोचते. "ताई, लावू का गाडी आत? उजेड आहे तवर भरून घेऊ."

बायका रजनीताईंकडे बघत होत्या. वत्सलाने बिल्ला मुठीत घट्ट धरला होता.

"परत ने," रजनीताई म्हणाल्या.

"परत? आनि यंत्र नापास झालं म्हनत्यात."

"झालं. तू परत ने."

ड्रायव्हर गेला. मोघे पाठ वळवून पाना पेटीत ठेवत होते. ते थांबले, पण वळले नाहीत.

"उपकार म्हणून ठेवून घेऊ नका, ताई," ते म्हणाले. "योजना नाही. ते निम्मं ओझंही तुमच्यावरच येईल. आणि यंत्र वीज खातं. आज दिसलं तुम्हाला."

"उपकार कोण करतंय? आज बघितलं तसं यंत्र मला नकोच आहे." त्या त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. "पट्ट्या लावून, बूच मारून, बायकांना घरी धाडून तुम्ही दोनशे एकोणीस काढलेत. माझ्या बायका दिवसातून शंभरदा हे दार उघडतात. ट्रे न्यायला, आणायला, आणि कुणी आत राहिलंय का ते बघायला. तेव्हा किती युनिटं लागतात?"

मोघ्यांनी रबरी बुचाकडे बघितलं.

"माहीत नाही ना? मग ते काढून आणा. होड्या जायला अजून दोन महिने आहेत. तोवर मासळी नाही, यंत्र इथेच राहू दे, हवी तेवढी मोडतोड करा. पण दार उघडायच्या आधी ज्याला मीटर बघावं लागेल, असं यंत्र माझ्याकडे ठेवू नका. असं माणूस या कारखान्यात एक झालंय, तेवढं पुरे."

संध्याकाळी जीप घाटाला लागली. मी ही नापास चाचणी ऑफिसात कशी सांगायची याची वाक्यं मनात जुळवत होतो. तीन प्रकारे जुळवली, तिन्ही प्रकारांत आम्ही मूर्ख दिसत होतो. एका वळणावर ड्रायव्हरने इंजिन निववायला गाडी थांबवली. मोघे खाली उतरले, दरीकडे तोंड करून उभे राहिले, मग खिडकीशी आले.

"राऊत. समजा, दारापुढे एक छोटी खोली केली. आणि टर्बाइनमधून येणारी थोडी कोरडी हवा सतत त्या खोलीत सोडत राहिलो. म्हणजे दार उघडलं की बाहेरचं पाणी आत शिरण्याआधी आतली कोरडी हवाच त्याला बाहेर ढकलेल."

"पण ती हवा फुकट जाईल, सर. तिला गार करायला लागलेली वीजही."

"जाईल. ती जाणारच असं धरून चालायचं. गळती नाही ती. ते यंत्राचं कामच समजायचं. आणि तेवढी बाकीच्या ठिकाणाहून काढायची. कुठून निघेल?"

"मला नाही माहीत."

"मलाही नाही," ते म्हणाले, आणि सकाळपासून पहिल्यांदाच माणसात आल्यासारखे दिसले.

दोन महिन्यांत काही झालं नाही. त्या मोसमात रजनीताईंनी दुसऱ्याच्या कारखान्यात मासळी गोठवून घेतली आणि आमच्याकडे एकदाही तक्रार केली नाही. त्याने मोघ्यांची झोप उडाली. त्यांनी गार हवेची अदलाबदल करणारी पेटी नव्याने मांडली, टर्बाइनची पाती बदलली, दारापुढची खोली तीनदा पाडून तीनदा बांधली. दुसऱ्या वर्षी, पावसाळ्याच्या तोंडावर, त्यांनी कर्णिकांना पुन्हा बोलावलं. यादीतल्या मागच्या मंडळींपैकी बरेच जण मधल्या काळात नापास झाले होते, त्यामुळे जागा होती.

कर्णिकांनी मीटर जोडलं, लाखेचं सील लावलं. बायकांनी बिल्ले अडकवले, आधी सात नंबरचा. ट्रे आत गेले. मोघ्यांनी बटण दाबलं, सूर चढला. बायका या वेळी घरी गेल्या नाहीत. त्या ये-जा करत राहिल्या.

कर्णिक आपलं घड्याळ काढून उभे होते. "मोघे," त्यांनी विचारलं, "दार कधी कधी उघडायचं ते ठरवून घेऊ या का? म्हणजे नोंद करायला बरं."

"तुम्हाला वाटेल तेव्हा," मोघे म्हणाले. "कुणाला विचारू नका."